उपेक्षेचा जवळचा शत्रू

पाली बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना ब्रह्मविहार, म्हणजे चित्ताची श्रेष्ठ निवासस्थाने, असे म्हटले आहे. त्यांतील चौथ्या नावापाशी मराठी वाचक अडखळतो, कारण मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, तर पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे आसक्ती आणि तिरस्कार या दोहोंकडे न झुकता सर्वांना समतोलाने पाहणारी वृत्ती. पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचणाऱ्या बुद्धघोषाने प्रत्येक ब्रह्मविहाराला दोन शत्रू असल्याचे सांगितले आहे: एक दूरचा, जो उघड विरोधी असल्यामुळे लगेच ओळखू येतो, आणि एक जवळचा, जो त्या गुणासारखाच दिसत असल्यामुळे गुण म्हणूनच मनात घर करून बसतो. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. समतोल आणि हेळसांड हे दोन अर्थ एकाच शब्दाच्या पोटात राहतात, आणि इंग्लंडमध्ये मुलांना विनामोबदला फुटबॉल शिकवणाऱ्या स्वयंसेवकासमोर वर्णद्वेषाचा प्रश्न येतो तेव्हा तो ज्या नैतिक पेचात सापडतो, त्याचे स्वरूप या दोन अर्थांमधील अंतरातूनच उलगडते.

हा स्वयंसेवक बहुधा संघातील एखाद्या मुलाचा बाप किंवा आई असतो. त्याला किंवा तिला प्राथमिक प्रशिक्षणवर्ग, बालसुरक्षेचा आणि प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, गुन्हेगारी पार्श्वभूमीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, आणि मग आठवड्यातील एक संध्याकाळ सरावाला व रविवारची सकाळ सामन्याला द्यावी लागते. पूर्व लंडनमधील हॅकनी मार्शेससारख्या विस्तीर्ण कुरणावर एकाला एक लागून आखलेल्या मैदानांवर जे फुटबॉल चालते, ते अशाच माणसांच्या वेळेवर उभे आहे. गीतेच्या परिभाषेत या कामाला निष्काम कर्माच्या जवळचे म्हणता येईल, कारण त्यात वेतन नाही आणि कीर्तीही नाही. परंतु निष्काम असणे म्हणजे आपोआप निर्दोष असणे नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. चांगल्या हेतूने आलेला प्रशिक्षक जे वाक्य सर्वांत सहजपणे उच्चारतो, ते म्हणजे आपल्याला मुलांचा रंग दिसत नाही, आपल्यासाठी सारी मुले सारखीच आहेत. हे वाक्य खोटेपणाने उच्चारले जात नाही, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

त्याआधी ‘वर्णद्वेष’ या मराठी शब्दाकडे थोडे पाहिले पाहिजे. त्यातील उत्तरपद द्वेष आहे, त्यामुळे ज्याच्या मनात द्वेष नाही तो वर्णद्वेषी नाही असा समज हा शब्द वापरताच पक्का होतो. प्रत्यक्षात त्वचेच्या रंगावरून किंवा वंशावरून माणसांची प्रतवारी लावणे ही क्रिया पुष्कळदा द्वेषाशिवाय, किंबहुना कौतुकाच्या स्वरातही घडते. पूर्वपद तर अधिकच बोलके आहे, कारण वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे समाजातील जन्मसिद्ध श्रेणी, असे दोन्ही अर्थ ज्या भाषेत शेजारी शेजारी नांदतात, त्या भाषेच्या वाचकाला इंग्लंडमधील हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. भारतातील फुटबॉलमध्ये ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा आहे, आणि त्याच राज्यांतील तरुणांना भारतीय महानगरांत चेहरेपट्टीवरून ऐकावी लागणारी नावे सर्वांना ठाऊक आहेत.

इंग्लिश फुटबॉलमधील या रोगाचा इतिहास खेळाच्या व्यावसायिक इतिहासाएवढाच जुना आहे. आजच्या घानातील अक्रा येथे 1865 मध्ये जन्मलेला आर्थर व्हॉर्टन हा जगातील पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. 1886 मध्ये त्याने शंभर यार्डांचे अंतर दहा सेकंदांत धावून विक्रम केला होता, तो प्रेस्टन, रॉदरहॅम आणि शेफील्ड येथील संघांचा गोलरक्षक होता, आणि तरीही आयुष्याच्या उत्तरार्धात कोळशाच्या खाणीत राबून 1930 मध्ये मरण पावल्यावर त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो दगड 1997 मध्ये बसला, आणि त्यासाठी मोहीम चालवली ती शेफील्डमधील ‘फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स’ या स्थानिक संस्थेने. टॉटनहॅमकडून खेळणाऱ्या वॉल्टर टलला 1909 मध्ये ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांच्या शिव्या ऐकाव्या लागल्या. पुढे ब्रिटिश सैन्यात अधिकारी होऊन तो 1918 मध्ये फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. 1982 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात निवड झालेल्या सिरिल रेजिसला टपालाने बंदुकीची गोळी आली. 11 जुलै 2021 रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सांचो आणि बुकायो साका या तीन तरुणांवर त्याच रात्री समाजमाध्यमांतून जो शिव्यांचा मारा झाला, तो याच साखळीतील एक दुवा.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. 1991 च्या फुटबॉल अपराध अधिनियमाने सामन्यात वर्णद्वेषी घोषणा देणे हा गुन्हा ठरवला, मात्र त्यातील व्याख्येप्रमाणे घोषणा दुसऱ्या कोणाच्या सुरात सूर मिसळून दिली असेल तरच ती गुन्हा ठरत असे, आणि एकट्याने ओरडणाऱ्याला या कलमाखाली आणण्यासाठी 1999 मध्ये दुरुस्ती करावी लागली. ही दुरुस्ती तत्त्वदृष्ट्या महत्त्वाची आहे, कारण तिने अपराध जमावाच्या अनाम आवाजातून काढून एका व्यक्तीच्या तोंडापर्यंत आणून ठेवला. तरीही तो अधिनियम मोठ्या, अधिकृतपणे नेमून दिलेल्या सामन्यांपुरताच आहे. रविवारच्या मैदानावर पोलीस नसतात, कॅमेरे नसतात, पंच अनेकदा स्वतःच सोळा-सतरा वर्षांचा असतो, आणि दहा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या दहा वर्षांच्या मुलाला कातडीवरून हाक मारली, तर ती ऐकणारा पहिला प्रौढ माणूस म्हणजे रेषेबाहेर उभा असलेला प्रशिक्षक. कायदा जेथे पोहोचत नाही तेथे जी जागा उरते, ती संपूर्णपणे त्याच्या विवेकाची असते.

अशा वेळी काहीच घडले नाही असे धरून खेळ चालू ठेवणारा प्रशिक्षक स्वतःला पक्षपातरहित समजतो. त्याचा युक्तिवाद असा असतो की, आपण खेळ शिकवायला आलो आहोत, समाजसुधारणा करायला नाही, आणि मुलांच्या भांडणात रंगाचा विषय काढला तर जे त्यांच्या मनात नव्हते तेच आपण त्यांच्या मनात घालू. या युक्तिवादातील दुसरा भाग गंभीरपणे घेण्याजोगा आहे, कारण लहान मुलाला त्याच्या शब्दाचे संपूर्ण वजन माहीत नसते हे खरे आहे. पण ज्या मुलाला ती हाक ऐकावी लागली, त्याच्या मनात तो विषय आधीच घातला गेलेला आहे. प्रौढाच्या मौनाने विषय टळत नाही, तर त्या मुलाला तो एकट्याने वाहावा लागतो. येथे समतोल आणि बेफिकिरी बाहेरून अगदी एकसारख्या दिसतात, दोन्हींत चेहरा शांत असतो आणि आवाज चढत नाही, आणि बुद्धघोषाने ज्याला जवळचा शत्रू म्हटले तो नेमका याच क्षणी गुणाचा वेष घेऊन उभा राहतो.

समदर्शनाची भारतीय कल्पना या प्रशिक्षकाच्या बाजूने साक्ष देते असे वरवर वाटते. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचे मांस खाणारा चांडाळ या सर्वांकडे समदृष्टीने पाहतो असे म्हटले आहे. परंतु त्या श्लोकाची रचना नीट पाहिली, तर समत्व येण्यापूर्वी भेदांची पूर्ण यादी येते. ज्याला समान पाहायचे त्याला आधी तो जसा आहे तसा पाहावे लागते, आणि समाजाने त्याला कोणत्या पायरीवर उभे केले आहे हेही पाहावे लागते. न पाहणे आणि समान पाहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. अर्थात या श्लोकाचा आधार घेताना एक कबुली द्यावी लागते: ज्या समाजाने शतकानुशतके हा श्लोक म्हटला, त्याच समाजाने त्यातील शेवटच्या माणसाला गावकुसाबाहेर ठेवले, कारण समत्व आत्म्याचे मानले गेले आणि व्यवहार विषमच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वातंत्र्य व समता यांच्याबरोबर बंधुतेवर जो भर दिला, आणि ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली असे जे सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. ब्रह्मविहारांत उपेक्खा शेवटी येते आणि मैत्री आधी येते, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. ज्याने मैत्री आणि करुणा ओलांडलेलीच नाही, त्याचा समतोल हा समतोल नसून केवळ अंतर असते.

समदृष्टीची खरी कसोटी मात्र शिवीगाळीच्या प्रसंगी लागत नाही, ती त्याआधीच, कोणाचेही लक्ष नसताना लागून गेलेली असते. 1970 च्या सुमारास अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी सांघिक खेळांत एक गोष्ट दाखवून दिली, आणि पुढे इंग्लिश फुटबॉलमध्येही तिचा अभ्यास झाला. कृष्णवर्णीय खेळाडू मैदानाच्या मध्यवर्ती, निर्णय घेण्याच्या जागांवर कमी आणि वेग व ताकद लागणाऱ्या कडेच्या जागांवर अधिक आढळत. यामागे वाईट हेतू असण्याची गरज नव्हती. हा मुलगा पळायला चपळ आहे, त्याला कडेला ठेवा, आणि तो मुलगा विचारी वाटतो, त्याला मध्यभागी ठेवा, एवढा प्रेमळ अंदाज पुरेसा होता. दक्षिण आशियाई मुलांच्या बाबतीत अंदाज उलटा होता, पण परिणाम तोच: ही मुले अभ्यासू, क्रिकेटची आवड असलेली, धक्काबुक्कीला न टिकणारी. 1996 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाचे शीर्षकच ‘एशियन्स कान्ट प्ले फुटबॉल’, म्हणजे आशियाई लोकांना फुटबॉल खेळता येत नाही, असे होते, आणि त्यात हा समजच तपासणीला घेतला होता. लंडनच्या उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मुले याच समजाच्या छायेत मैदानावर उतरतात.

ॲरिस्टॉटलच्या मते सद्गुण हा उपदेशाने येत नाही, सवयीने येतो. न्यायी कृत्ये करत करत माणूस न्यायी होतो, जसा वाद्य वाजवत वाजवत वादक होतो. फुटबॉलचा सराव हा या विचाराचा जणू मूर्त नमुनाच आहे, कारण तेथे शरीराला तीच हालचाल शेकडो वेळा करायला लावून ती विचाराविना घडेल अशी व्यवस्था केली जाते. परंतु सवय ही दुधारी आहे: दर आठवड्याला कर्णधार कोण होतो, चूक झाल्यावर कोणाला समजावले जाते आणि कोणावर ओरडले जाते, कोणाचे नाव प्रशिक्षक नीट उच्चारतो आणि कोणाचे सोयीसाठी छाटून टाकतो, यांतूनही मुले नकळत शिकत असतात, आणि हा अभ्यासक्रम कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. म्हणून स्वयंसेवकाची पहिली साधना बाहेरच्या वर्णद्वेषाशी झुंज देण्याची नसून स्वतःच्या डोळ्याची झडती घेण्याची ठरते.

आता ज्या मुलाच्या तोंडून शिवी निघाली त्याचा विचार. इंग्लंडमध्ये फौजदारी जबाबदारीचे वय दहा वर्षे आहे, आणि नैतिक जबाबदारीचे वय असे एका रेषेने आखता येत नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या 1993 मधील हत्येच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅक्फर्सन अहवालाने 1999 मध्ये असे सुचवले की, पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, तिची नोंद वर्णद्वेषी घटना म्हणूनच व्हावी. ही व्याख्या निवाड्याची नाही, नोंदीची आहे, आणि तिचे शहाणपण यातच आहे की, करणाऱ्याचा हेतू काय होता हा प्रश्न ती पुढे ढकलते, पण झालेली इजा ऐकून घेणे पुढे ढकलत नाही. प्रशिक्षकालाही हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले पाहिजेत: घडले ते चूक होते हे तत्काळ आणि सर्वांसमोर सांगणे, आणि ज्याने केले तो मुलगा कोण आहे हे सावकाश, एकांतात समजून घेणे.

या दुसऱ्या कामासाठी मराठी परंपरेत एक फार मोलाचा आधार आहे. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या पसायदानात दुष्टांच्या नाशाची मागणी नाही. त्यांच्यातील वाकडेपणा गळून पडावा, चांगल्या कर्माची त्यांना गोडी लागावी, आणि जीवांचे परस्परांशी मैत्र जडावे, अशी क्रमवार याचना आहे. माणूस आणि त्याचा वाकडेपणा यांत येथे भेद केला आहे, आणि तो भेद क्षमाशील असला तरी ढिला नाही, कारण वाकडेपणाला वाकडेपणाच म्हटले आहे. ग्वाडलूप बेटावर जन्मलेला आणि 1998 मध्ये फ्रान्सबरोबर विश्वचषक जिंकणारा लिलियान थुराम याने 2008 मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था स्थापन केली, तिचा पायाही हाच आहे की वर्णद्वेष घेऊन कोणी जन्माला येत नाही, तो शिकवला जातो, आणि जे शिकवले गेले ते शिकवूनच दूर करता येते. इंग्लिश फुटबॉलमध्येही अशा अपराधासाठी केवळ सामनेबंदी न ठेवता तिच्यासोबत शिक्षणाचा कार्यक्रम सक्तीचा करण्यात आला, तो या विचारानेच.

तथापि पसायदानातील तिसऱ्या मागणीची घाई करण्याचा मोह चांगल्या प्रशिक्षकालाही होतो. शिवी देणाऱ्याने माफी मागितली, दोघांनी हात मिळवले, आणि पुढच्या बुधवारी दोघांना चेंडू एकमेकांकडे देण्याच्या सरावात जोडीने उभे केले, की प्रकरण मिटले असे त्याला वाटते. पण मैत्र जडावे असे पसायदान म्हणते. ते जडवावे असे म्हणत नाही, आणि दुखावलेल्या मुलाची क्षमा ही प्रशिक्षकाच्या मालकीची वस्तू नाही. शिवी देणाऱ्याला शिकवण्यासाठी दुखावलेल्याचा उपयोग करणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा साधन बनवणे होय. त्या बुधवारी प्रशिक्षकाने त्या मुलाला एवढेच विचारावे की आज त्याला कोणाबरोबर सराव करायचा आहे, त्याने जे नाव सांगितले त्याच मुलासमोर त्याला उभे करावे, आणि दुसऱ्या मुलाच्या जोडीला, कोणी उरले नसेल तर, स्वतः चेंडू घेऊन उभे राहावे.