नैवेद्य कोणाचा?
कार्तिक लागला की वाडीकडे पहाटेचा गारठा उतरतो, माळावर आवळी लगडतात, बोरांना रंग चढू लागतो. तुळशीचे लग्न लागून बोर-आवळा देवापुढे ठेवल्यावाचून तोंडात घालायचा नाही, ही जुनी रीत. परवा आम्ही नैवेद्याला म्हणून काठीने झोडपून पिशवीभर आवळे पाडले. त्यात कच्चेही आले. मागून एक मोळीवाली आली, म्हणाली, "महाराज, सारेच नेले जी?"

गीतेच्या ३ऱ्या अध्यायात, देवाला न देता भोगतो त्याला चोर म्हटले आहे. आम्ही तर देवालाच देणार होतो. मग चोरी कुठली? मंडळी, देवाला एक आवळा पुरतो. बाकी पिशवी आमच्या हावेची, नाव तेवढे देवाचे! रीत नुसती जीभ आवरायला नाही, हातही आवरायला आहे. अर्धे आवळे त्या बाईच्या ओटीत घातले, तेव्हा कुठे नैवेद्य पुरा झाला.