लेखनिकाचे नाव

ज्ञानेश्वरीच्या शेवटी ग्रंथाचा काळ शके १२१२ असा दिला आहे, आणि तेथेच लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नावही आहे. रचना त्यांची नव्हे. हात मात्र त्यांचा. ग्रंथाने त्यांस वगळले नाही.

हे आठवायचे कारण असे. आमच्या गडमुडशिंगीस कर्ण्यावर अभंगांच्या ध्वनिमुद्रिका लागतात. गाणाऱ्याचे नाव पोरासोरांना ठाऊक, चाल लावणाऱ्याचे जाणत्यांना. पण आरंभीची बासरी, दोन कडव्यांमधले व्हायोलिनचे तुकडे, कोणत्या वाद्याने कोठे थांबायचे, हे सारे ठरवून वादकांपुढे ठेवणारा संगीत-संयोजक कोण? अहो, मोबाइलवर तर नाव शोधायला वेष्टनसुद्धा उरले नाही!

हिंदी चित्रपटांत हे काम पुष्कळसे गोमंतकीयांनी केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे वाद्यमेळ लिहिला. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्याने त्यांचे नाव घरोघर गेले, पण असा माणूस खरोखर आहे हे किती जणांस ठाऊक होते? मराठीत अनिल मोहिले यांनी हेच काम केले. असे लोक श्रेयनामावलीत आलेच तर बहुधा ‘सहाय्यक’ म्हणून, मोबदला एकदाच.

१९५७च्या कायद्याने संगीताचा कर्ता म्हणजे संगीतकार. संयोजन हे त्या कृतीचे रूपांतर धरले. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कंपनीस लिहून घेता येईनासा झाला, गायक-वादकांसही हक्क मिळाला. संयोजकाचा तेथे स्वतंत्र उल्लेख नाही.

यावर एक सोवळे उत्तर आम्ही ऐकतो: देवाच्या गाण्यात नाव कशाला अन् पैसा कशाला? वारकऱ्याने कीर्तनाचे मोल घेऊ नये, हे आम्हांसही मान्य. तुकोबांच्या शब्दांवर कोणाची मालकी नाही, तेही बरेच. पण ध्वनिमुद्रिकेचे मोल तर घेतले जातेच! मग ते कोणाकोणाच्या पदरात पडते, एवढाच प्रश्न राहतो. फलत्यागाचा उपदेश गीतेने अर्जुनास केला. त्याने टाकलेले फळ दुसऱ्याने पेढीवर मांडून विकावे, असे तेथे कोठे आहे? त्याग ज्याचा त्याने करायचा. संयोजकास नाव नको असेल तर तो आपल्या तोंडाने सांगेल. त्याच्या वतीने कंपनीने विरक्त होण्याचे कारण नाही.

देवळात अभंग लावताना गायकाबरोबर संयोजकाचे नावही कर्ण्यावरून सांगावे, असे आम्ही गावच्या मंडळींस सुचविले आहे. नाव कोठे मिळत नसेल, तर कंपनीस पत्र घालून विचारावे.