हजेरीची सही

बार्शीच्या आडत बाजारात माल उतरवून पट्टीची वाट पाहत बसलेला शेतकरी ज्या तन्मयतेने हिंदीत अवतरलेला तमिळ पोलीसपट पाहतो, ती तन्मयता केवळ हिंसेची आवड म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. ठाण्याच्या पायरीवर फिर्याद घेऊन जो तिष्ठला आहे, आणि एखाद्या वजनदार माणसाची चिठ्ठी आणल्यावाचून आपली दाद लागणार नाही हे ज्याला उमजले आहे, त्याला पडद्यावरचा फौजदार आपण होऊन गरिबाच्या दाराशी येतो याचेच मोठे अप्रूप असते. खलपुरुषाला बसणारे तडाखे त्यानंतरचे.

तमिळ दिग्दर्शक हरी यांच्या २०१० सालच्या ‘सिंगम’चे रोहित शेट्टी यांनी पुढल्याच वर्षी हिंदी रूपांतर केले, तेव्हा तमिळ दुरैसिंगम मराठी बाजीराव सिंघम झाला आणि आपल्या प्रांताने त्याला घरचा मुलगा मानले. या कथेतील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. शर्तीच्या जामिनावर सुटलेल्या एका धनदांडग्यास आडगावच्या ठाण्यात हजेरीची सही करावयाची असते. तो आपल्याऐवजी दुसऱ्यालाच पाठवितो. आणि तो तरुण अधिकारी, कोर्टाचा हुकूम ज्याच्या नावे आहे त्यानेच समक्ष यावे, असा हट्ट धरतो. येथे त्याचे सामर्थ्य पिस्तुलात नाही, रजिस्टरात आहे. दुबळ्याला लागू होणारा कायदा बलाढ्यालाही तंतोतंत लागू व्हावा, ही आपल्या समाजाची जुनी, अतृप्त आकांक्षा त्या एका सहीच्या आग्रहात साकार होते.

परंतु आपल्याच या प्रसंगाचे मोल चित्रपटाला कळलेले नाही. अखेरीस अवघे पोलीस दल एकवटते आणि आरोपी खटल्यावाचून मारला जातो; म्हणजे ज्या न्यायासनाच्या हुकुमाची तामिली व्हावी म्हणून झुंज सुरू झाली, ते न्यायासनच बाजूस सारले जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ साली याच चित्रपटाचे नाव घेऊन या झटपट न्यायातील धोका दाखविला होता.

मराठी लेखणीने तो फार आधी ओळखला होता. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून, तेंडुलकरांच्या पटकथेने, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ १९८३ साली आला. त्यातला फौजदार वेलणकरही प्रामाणिक आणि संतप्त आहे. पण त्याच्या हातून प्रथम मरतो तो माजलेला गुंड पुढारी रामा शेट्टी नव्हे, कोठडीतला एक भुरटा चोर. हा क्रम मला अपरिहार्य वाटतो, कारण बेकायदा उगारलेला हात आधी आवाक्यातल्या दुबळ्यावरच पडतो. २०२० च्या जूनमध्ये तमिळनाडूतील सातानकुळम येथे टाळेबंदीत दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून धरलेले बापलेक कोठडीतील मारहाणीने दगावले, तेव्हा पोलिसांचा गौरव करणारे पाच चित्रपट आपण काढले याचा आपल्याला मनःपूर्वक खेद होतो, असे खुद्द हरी यांनीच जाहीर केले.

हजेरीच्या सहीतले ते रजिस्टराचे सामर्थ्य फिर्यादीच्या नोंदीतही आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली दिला आहे. समोर पुढाऱ्याचा माणूस दरडावत असतानाही त्या निर्णयाबरहुकूम लेखणी उचलणारा ठाणे अंमलदार कोणी पडद्यावर आणला, तर बार्शीतही त्याला टाळ्या पडतील, अशी माझी खात्री आहे.