पाण्यावरची रेघ

गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्याची काही मंडळी कच्छात गेलो होतो. भूजहून नलियामार्गे जखौकडे निघाले की झाडे विरळ होत जातात. उरतात त्या बाभळी, खारट माती आणि मिठागरांतले पांढरे ढीग. इतक्या कोरड्या मुलखाच्या शेवटी समुद्र असेल, यावर मन विश्वास ठेवत नाही. मग अकस्मात डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास येतो आणि खाडीत एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या होड्या दिसू लागतात.

जाळे सांधत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाशी बोलणे झाले. त्याच्या गावचे दोघे कराचीच्या तुरुंगात राहून आले होते. चूक कोणाची, असे आम्ही विचारले. जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "दरियामां लीटी क्यां होय?"

उत्तर साधे असले तरी प्रश्न साधा नाही. १९६८ च्या लवादाने रणाची सीमा आखून दिली. सर क्रीकचा वाद मात्र त्या निवाड्याबाहेर राहिला. भारत खाडीच्या मध्यातून रेघ मानतो, पाकिस्तान पूर्वतीरावरून. मुखाशीच एकमत नसल्यामुळे पुढच्या समुद्रातली सीमाही दोघांच्या संमतीने ठरलेली नाही. ज्या रेघेवर दोन राष्ट्रे सहमत नाहीत, ती ओलांडल्याबद्दल तिसऱ्याच माणसाने बेडी घालून घ्यावी, हा न्याय कसा?

पण येथे आपण स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. आता होडीवर दिशा दाखवणारी यंत्रे असतात. तांडेलानेही पुढे कबूल केले, की सिंधूच्या मुखाकडे मासळी दाट असते आणि रिकाम्या होडीने परतण्याची भीती मोठी असते. म्हणजे दरवेळी ही निव्वळ अजाणता घडलेली चूक नसते. तथापि होडी कुठे न्यायची हे ठरवणारा एक, नफा घेणारा दुसरा, आणि जाळे ओढणारा किंवा भात रांधणारा खलाशी तिसरा. पकडल्यावर मालक किनाऱ्यावरच असतो. होडीबरोबर आत जातो तो खलाशी. त्यांत पालघरच्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासीही असतात. उचल घेऊन आलेल्या माणसाला दिशा निवडता येत नाही. जिथे निवड नाही, तिथे अपराध किती मोजावा?

१९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या ७३ व्या कलमाने याचे उत्तर बरेचसे दिलेले आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या नियमभंगासाठी, संबंधित राष्ट्रांत तसा वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देऊ नये, असे ते सांगते. दोन्ही देश त्या करारात आहेत. तरीही २००८ च्या समझोत्यानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला ते एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, आणि त्यांत कोळ्यांची वेगळी यादी असते.

येथवर आमची सहानुभूती बिनखर्चाची होती. परतीच्या वाटेवर आमच्यापैकीच एकाने विचारले, "आणि आपल्या तुरुंगातले त्यांचे कोळी?" गाडीत काही काळ कोणी बोलले नाही. आम्हांला कळून चुकले, की आतापर्यंत आम्ही न्यायाविषयी नव्हे, आपल्या माणसांविषयी बोलत होतो. जी दया रेघेपाशी थांबते ती आपुलकी असेल. तिला न्यायबुद्धी म्हणता येणार नाही.

आमच्या घराण्यांपुरते बोलायचे तर, १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे आले आणि मागोमाग आमचे पूर्वज आले. सीमा त्यांनीही ओलांडली होती. त्यांना कोणी जाब विचारला नाही, कारण त्यांच्यापुढे सैन्य चालत होते. खलाशापुढे फक्त मासळी असते. रेघ ओलांडणाऱ्या दोघांतल्या एकाला वतन आणि दुसऱ्याला कोठडी मिळते, तेव्हा तो फरक नीतीने केलेला असतो की बळाने, हे निदान आम्ही तरी विचारावे. तीन शतकांजवळ पोचलेला आमचा मुक्काम एवढे ऋण आमच्यावर ठेवतोच.