माल, मोल, मूल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात रात्री अकराच्या सुमारास मी लॅपटॉपवर कंटेनर लावत बसले होते. मराठी बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या एका ओपन सोर्स एआय प्रकल्पात मला हातभार लावायचा होता. आधीचे दोन रविवार नुसत्या जुळवाजुळवीत गेले होते. पायथनची आवृत्ती जुळली तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुळेना, तो जुळला तर ऑडिओ वाचणारी लायब्ररी रुसायची. शेवटी प्रकल्पाचीच तयार डॉकर इमेज घेतली. कित्येक जीबींची, तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. उतरली आणि एका कमांडमध्ये सगळं चालू झालं. कंटेनरची गंमत हीच. प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान, ठरलेल्या आवृत्त्यांसकट, एकाच पेटीत येतं. यंत्र कोणाचंही असो, पेटी तीच.

पप्पा मागे उभे होते.

"काय करतीयस गं?"

"कंटेनर लावतेय."

ते हसले. "न्हावाशेव्याचा?"

तसं बघितलं तर नाव तिथूनच आलंय. डॉकर 2013 साली आलं, त्याच्या चिन्हातला देवमासा पाठीवर पेट्याच वाहतो. खऱ्या पेट्यांचा धंदा त्याहून जुना. 1956 साली माल्कम मॅक्लीनने 'आयडियल एक्स' या जहाजावर 58 पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. तेव्हा हातांनी जहाज भरायला टनामागे जवळपास 6 डॉलर पडत, पेट्यांमुळे तो खर्च 16 सेंटच्या आसपास आला. हा फरक ज्यांच्या मजुरीतून निघाला त्या गोदी कामगारांची गर्दी जगभरच्या बंदरांवरून ओसरत गेली. आपल्याकडे 1989 साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे.

पप्पा माथाडी. साताऱ्याहून आलेले, आयुष्य तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गेलं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि 1969 चा माथाडी कायदा झाला, म्हणून आमच्यासारख्यांच्या घरात पीएफ आणि दवाखाना आला. ते म्हणतात, गोणी पाठीवर आली की आत काय आहे ते कळतं. कांदा ओला आहे का, मधे कुजलाय का, सगळं पाठीला कळतं.

"मग ह्यात काय हाय?" त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं.

"सगळंच आहे. आपल्याला बघावं लागत नाही, हीच तर सोय."

मी चाचणी चालवली. चुकांचं प्रमाण झकास कमी आलं. खुशीत मी माइक त्यांच्यापुढे धरला, म्हटलं बोला काहीतरी. ते बोलले, "माल उतरला का?" स्क्रीनवर उमटलं, "मूल उतरला का?"

एखादी चूक व्हायचीच, असं म्हणून मी झोपायला गेले. झोप काही लागली नाही. इतका चांगला आकडा आणि पहिल्याच वाक्यात ही गत? उठून चाचणीची फाइल उघडली. तिथे एक छोटं फंक्शन होतं. तुलना करण्याआधी मजकूर 'स्वच्छ' करणारं. विरामचिन्हं आणि खुणा काढून त्यांच्या जागी मोकळी जागा ठेवायची, एवढंच काम. आता गोम अशी की युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या सगळ्यांची गणना 'खुणा' या वर्गात होते. म्हणजे माल, मोल, मूल, मेल, साऱ्यांचं तुलनेआधी 'म ल' व्हायचं. मॉडेलने माल ऐकून मूल लिहिलं तरी परीक्षक पूर्ण गुण देणार. कंटेनरमुळे हा निकाल जगातल्या प्रत्येक यंत्रावर अगदी तंतोतंत तसाच येणार. माझ्या मशीनवर चालतं, तुमच्याही चालेल.

ते फंक्शन लिहिणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. रोमन अक्षरांवरची खूण गेली तरी शब्द बहुतेक वेळा ओळखू येतो, त्याने तेवढंच पाहिलं असेल. मला छळत होता तो माझा प्रश्न. दुसऱ्याने बांधलेल्या पेटीतल्या चुकीला मी किती जबाबदार? सगळं तपासणं कोणालाच शक्य नाही. त्या इमेजमध्ये शेकडो पॅकेजेस आहेत, एकेक वाचायला बसले तर म्हातारी होईन. विश्वास टाकल्याशिवाय एक दिवसही निघत नाही, लोकलमध्ये बसताना आपण मोटरमनचं लायसन बघतो का? पण 'बघता येत नाही' आणि 'बघायला नको अशी सोय करून घेतली' यांत फरक आहे. ओपन सोर्समध्ये पेटीला कुलूप नसतं. अडाणीपणाची सबब तिथे पुरत नाही.

मग बघायचं कोणी? ज्याने लिहिलं त्याने, हे सोपं उत्तर झालं. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' नावाच्या, लिनक्सवर जिथेतिथे असणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली. ती पकडणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडचा त्या लायब्ररीशी संबंध नव्हता. तो डेटाबेसवर काम करणारा, त्याला फक्त लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्याने ते खटकणं सोडून दिलं नाही. (पेट्यांची स्मरणशक्ती अशी की ती चोरवाट असलेल्या काही जुन्या डॉकर इमेजेस 2025 मध्येही सापडल्या.) मला वाटतं, जबाबदारी चूक करणाऱ्याइतकीच, ती ज्याला कळू शकते त्याच्याकडेही येते. त्याने ती मागितलेली नसते. ते फंक्शन चालवणाऱ्या किती जणांना माल आणि मूल यांतला फरक दिसला असता? मला दिसत होता. पहिली-दुसरीपासून काना-वेलांटीसाठी मार खाल्लेला.

मी मात्रा जपणारी दुरुस्ती केली. आकडा चांगलाच चढला. दुरुस्ती पाठवताना बोट थोडं थबकलं, हे खरं. आपण येऊन प्रकल्पाचा निकाल बिघडवतोय असंच कोणालाही वाटलं असतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सभ्य होतं, प्रश्नही रास्त होता: बाकी सगळ्यांचे आकडे जुन्या पद्धतीने काढलेले आहेत, आपण एकट्याने खरे आकडे दिले तर आपलं मॉडेल सगळ्यांत वाईट दिसेल, त्याचं काय? मी सुचवलं, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापू, खाली कारण लिहू. त्यावर अजून चर्चा चालू आहे.

पप्पांनी परवा विचारलं, "झालं का तुझं कंटेनरचं?" मी म्हटलं, नाही अजून. ते म्हणाले, "आमच्यातबी काट्यावर भांडण लागलं की आठवडा जातो."