चौकोनात न मावणारा पाऊस

बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं काही नक्षत्रांच्या पावसाबद्दल म्हणतात. 26 जुलै 2005च्या मुंबईत ही शिंगं होती सांताक्रूझ आणि कुलाबा. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलीमीटर, तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम 73.

हवामानाची प्रारूपं पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात, आणि एका चौकोनाला पावसाचा एकच आकडा मिळतो. शंभर वर्षं पुढचं सांगू पाहणाऱ्या बऱ्याच प्रारूपांत या चौकोनाची बाजू शंभरेक किलोमीटरची. आता त्यातल्या 400 चौरस किलोमीटरवर 944 मिलीमीटर कोसळला आणि बाकी सगळं कोरडं राहिलं असं धरा. सरासरी येते सुमारे 38. हवामान खात्याच्या हिशेबात 64.5 मिलीमीटरपासून 'जोरदार' सुरू होतो. म्हणजे शहर बुडालं तरी चौकोनात पाऊस मध्यमच! यात खोटं काही नाही. फक्त हा 38 मिलीमीटरचा पाऊस कुणाच्याच डोक्यावर पडलेला नसतो.

कोकणपट्टी जेमतेम पन्नासेक किलोमीटर रुंद. शंभर किलोमीटरच्या चौकोनात कोकण, घाट आणि देश एकत्र कालवले जातात, सह्याद्रीचा कडा घसरगुंडीसारखा उतरता होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर, खाली वाईला हजाराच्या आत. हा फरक करणारा डोंगरच नकाशातून गायब. शिवाय उंच ढग चौकोनापेक्षा लहान, म्हणून त्याचं काम ठोकताळ्याच्या सूत्रावर सोपवलेलं. ते सूत्र रोज थोडं थोडं शिंपडत बसतं. पावसाचे दिवस वाढतात, कोसळण्याचे हरवतात.

चौकोन तीन-चार किलोमीटरचा केला की ढग स्वतःच उभा राहू लागतो. पण बाजू अर्धी केली की चौकोन चौपट होतात, काळाची पावलंही अर्धी करावी लागतात, गणित आठपट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत घडलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे 2025 मध्ये सुरू झाली, सहा किलोमीटरवर. तीही काही दिवसांच्या अंदाजासाठी. शतकभराचा हिशेब एवढ्या बारीक जाळीवर चालवणं अजून फार महाग.

आणि बारीक जाळी म्हणजे अचूक जाळी, असंही मला वाटत नाही. ढग हुबेहूब उभा करून तो पनवेलऐवजी पालघरवर ओतला, तर? शिवाय पडताळा तरी कशाशी घ्यायचा? पर्जन्यमापकाचं तोंड वीतभरही रुंद नसतं. सांताक्रूझला ते नसतं, तर कुलाब्याच्या वहीत 26 जुलै हा पावसाळ्यातला एक नेहमीचा दिवस राहिला असता.