दिलेले आणि गेलेले

आमच्या डाळजला ‘दिले’ आणि ‘गेले’ या दोन क्रियापदांतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठची शिवारे पाण्याखाली गेली. आपण जमीन दिली, की आपली जमीन गेली, यावर म्हातारी माणसे अजूनही पारावर अडून बसतात. मी मास्तर, व्याकरणाचा हा वाद कौतुकाने ऐकत असे. तो एके दिवशी माझ्याच टेबलावर येऊन बसेल, असे वाटले नव्हते.

गेल्या वर्षी माझ्या एका कादंबरीची पीडीएफ मोबाइलांतून फिरू लागली. मी संतापलो. वर्गात चोरीवर अर्धा तास बोललो. त्याच रात्री लिहायला बसलो, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात नेहमीची पुसट ओळ दिसली : ‘विंडोज सक्रिय करा.’ संगणक घेताना दुकानदाराने विंडोजची बिनपरवान्याची प्रत घालून दिली होती आणि ‘असू द्या’ म्हणून मी ती घेतली होती. चार वर्षे ती ओळ मी पाहत होतो. वाचली मात्र त्या रात्री.

एक जुना विद्यार्थी सुटीत घरी आला. तो म्हणाला, “गुरुजी, लिनक्स घालून पाहा. विंडोज राहू द्या. शेजारी दुसरे बिऱ्हाड थाटू.” त्याने डिस्कचे भाग पाडले. आता यंत्र सुरू झाले, की कोणत्या घरात जायचे ते मला विचारते आणि काही सेकंद थांबते.

लिनक्सचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिला आणि १९९२ मध्ये तो रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली आणला. वापरा, नकला करा, बदला, वाटा. मात्र बदलून पुढे द्याल, तर तुम्हांला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या, असा त्याचा सारांश. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मला त्यातली एक ओळही उमगत नाही. पण निरक्षर शेतकऱ्यालाही सातबारा पाहण्याचा हक्क लागतोच; वाचून दाखवणारा कुणीतरी भेटतो.

पहिले आठ दिवस सुखाचे गेले. आपण प्रामाणिक झालो, असे वाटू लागले. पण हे पुण्य फार स्वस्त होते. लिनक्सने मला प्रामाणिक केले नव्हते. चोरीची गरज तेवढी काढून घेतली होती. जेवून उठलेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहिले नाही, तर त्यात संयम कसला?

कसोटी पुढे आली. अर्धी लिहिलेली कादंबरी उघडली, तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी! ती युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटात टंकलेली, आणि टंकण्याची ती सोय विंडोजच्याच घरात. मुकाट्याने तिकडे गेलो. कोपऱ्यात तीच ओळ.

मन म्हणाले, एवढ्या मोठ्या कंपनीचे तुझ्या पैशांवाचून काय अडते? माझे वाचकही हेच म्हणत असतील : मास्तरांना पगार आहे की! १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडे पत्र लिहून माझीच तक्रार मांडली होती. शिवाय लिनक्सचा परवानाही कर्त्याच्या हक्काच्या कायद्यावरच उभा आहे. त्याच आधारावर एक कर्ता ‘घ्या’ म्हणतो, दुसरा ‘दाम द्या’ म्हणतो. पहिल्याचा शब्द मानायचा आणि दुसऱ्याचा नाही, तर मी कर्त्याचा मान राखत नाही. आपली सोय पाहतो.

दिवाळीपूर्वी पगारातून विंडोजचा परवाना घेतला. पत्नी म्हणाली, “अहो, चालतच होते, त्याला पैसे कशाला?” मला चटकन उत्तर सुचले नाही. देणगी घ्यायला शिकल्यावरच किंमत देण्याची बुद्धी झाली, हे तिला कसे सांगावे?

एक ऋण मात्र उरले आहे. ज्यांनी मला न ओळखता एवढे दिले, त्यांना मी काय दिले? माझी पहिली कादंबरी आता दुकानांत मिळत नाही. तिचे हक्क माझ्याकडेच आहेत. ती आपण होऊन मोकळी करावी, असे मनात घोळते आहे. हात अजून आखडतो. पण तसे केलेच, तर त्या पुस्तकापुरते तरी मला ‘गेले’ म्हणावे लागणार नाही.